रिकामी म्हणू नये, उघडून बघावी

म्हशीच्या धारा काढणाऱ्या आणि भाताची लावण करणाऱ्या बाईने पिस्तुलाविषयी लिहावे, हे तुम्हाला विपरीत वाटेल. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. पण गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट शिकले, ती तुमच्याही घरी उपयोगी पडेल, म्हणून हा कागद काळा करते आहे.

आमचा मुलूख कोल्हापूर जिल्ह्यातला, डोंगराकडचा. या जिल्ह्याला तालमीची आणि कुस्तीची हौस जुनी. पण अलीकडे नेमबाजीतही इथल्या पोरांनी नाव काढले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलीत ब्राँझपदक मिळवले, तेव्हा आमच्याकडे गावोगाव पेढे वाटले. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकर या मुलीने पिस्तुलाची दोन पदके जिंकली. ते पाहून आमची नववीतली लेक हट्टाला पेटली, "आई, मला पिस्तूल शिकायचंय."

मी सरळ नाही म्हटले. त्याला कारण होते.

माझ्या माहेरी पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक होती. मी दहा वर्षांची असेन. भात पोटरीला आले होते आणि रानडुकरांचा उपद्रव चालू होता. एका रात्री वडील आणि थोरला भाऊ दोघेही माळ्यावर राखणीला होते. पहाटे घरी आले आणि बंदूक सोप्यात भिंतीला टेकवून ठेवली. वडिलांना वाटले, पोराने बार काढला असेल. पोराला वाटले, बाबांनी काढला असेल. सकाळी चुलतभावाने ती उचलली, "रिकामीच हाय," म्हणाला आणि गंमत म्हणून घोडा ओढला. माझ्या भावाच्या गुडघ्याची वाटी फुटली. त्याचा पाय आजही वाकत नाही. चुलतभाऊ त्यानंतर कधी आमच्या घरात मोकळेपणाने बसला नाही. पायाचे दुखणे एकाचे, पण शिक्षा दोघांना झाली.

तेव्हापासून बंदूक दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. सासरी आले, तर इथेही सोप्यात खुंटीला मामंजींची बारा बोअरची एकनळी टांगलेली. पिकाच्या राखणीचा रीतसर परवाना आहे. तीस वर्षे मी तिच्याखालून मान खाली घालून ये-जा केली, पण बोलले नाही.

शेवटी लेकीच्या हट्टापुढे हरले आणि एका रविवारी धारा आटोपून पहिल्या एस.टी.ने तिला घेऊन कोल्हापूरला गेले. मनात बेत असा, की तिथला दंगा बघून पोरगीच घाबरेल.

पण दंगा कुठे होता? एक लांबट खोली. एका टोकाला टेबलांची रांग, दुसऱ्या टोकाला दहा मीटरवर उजेडात टांगलेले कागद. मधल्या मोकळ्या जागेत कोणी पाऊल टाकत नाही. हवेच्या दाबावर चालणारी पिस्तुले. आवाज फट् एवढाच, तरी मुलांच्या कानांत बोळे आणि डोळ्यांना चष्मे. देवळात बोलतात तेवढ्याच आवाजात सगळे बोलत होते.

शिकवणारे सर वयाने माझ्या धाकट्या दिरासारखे. त्यांनी लेकीला बाजूला बसवले आणि मला म्हणाले, "ताई, आधी तुम्ही उभ्या राहा. आईची भीती गेल्याशिवाय मुलीचा हात स्थिर होत नाही."

मी पदर खोचला आणि उभी राहिले. पहिला तासभर छर्रा दिलाच नाही. पिस्तूल पेटीतून काढायचे ते नळी कागदाकडे ठेवूनच. टेबलावर ठेवायचे तेही तसेच. नळीतून रंगीत दोरी आरपार घातलेली असते. ती दिसली म्हणजे आत छर्रा नाही, हे लांबूनही कळते. हुकूम झाल्याशिवाय दोरी काढायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही, बाहेर सरळ ठेवायचे. आणि "थांबा" असा शब्द कोणाच्याही तोंडून आला, तरी पिस्तूल खाली ठेवून हात सोडायचे.

हे सगळे ऐकून मी मान डोलावली. आणि पाचच मिनिटांत चुकले. लेकीने मागून काहीतरी विचारले, म्हणून मी पिस्तुलासकट वळू लागले. सर ओरडले नाहीत. त्यांनी माझे मनगट धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, नळी कुठं चाललीय बघा." बघते तो नळी शेजारच्या पोराच्या अंगावर निघालेली. मला घाम फुटला. "पण सर, रिकामं आहे की!" मी म्हटले.

"सगळे अपघात रिकाम्या बंदुकीनंच होतात, ताई. भरलेलीला माणूस जपतोच."

बंधू-भगिनींनो, माझ्या डोळ्यांपुढे माहेरचा सोपा उभा राहिला. मी पिस्तूल ठेवले आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. मग नेम शिकवला. एकाच हाताने पिस्तूल धरायचे, दुसरा हात कमरेला. वजन किलोभर, पण हात लांब केला की पायलीभर जोंधळे धरल्यासारखे वाटते. नळीच्या पुढच्या टोकावर एक खुंट असतो, त्याला बंदुकीची माशी म्हणतात. नजर त्या माशीवर ठेवायची. कागदावरचा काळा गोल पुसट दिसला तरी चालतो. मला हे उलटेच वाटले. नांगर धरताना आपण पलीकडच्या बांधावरचे झाड बघतो, तेव्हा तास सरळ येते. इथे मात्र हातातले नीट बघितले, तरच लांबचे साधते. म्हणून नवशिक्याला आधी कोऱ्या कागदावर मारायला लावतात. गोलच नाही, तर नजर जाणार कुठे?

चाप कसा ओढायचा, हे मात्र मला लवकर जमले. त्याला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. तो झटक्याने दिला की नेम हुकतो, हळूहळू वाढवत न्यावा लागतो. सडाला हिसका दिला तर म्हैस लाथ मारते, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला निराळे शिकवावे लागत नाही. आणि छर्रा सुटल्यावरही हात लगेच पाडायचा नाही, क्षणभर तसाच ठेवायचा.

स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात. मधल्या दहा गुणांच्या गोलाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा. पण मला सर्वांत आवडली ती एक वेगळीच शिकवण. हात वर गेला, नेम धरला, पण मन ठरेना किंवा हात थरथरू लागला, तर मारायचे नाही. हात खाली आणायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. सर म्हणतात, "हात खाली आणणं ही हार नाही. ज्याला थांबता येतं, त्यालाच मारता येतं."

आणखी एक सांगते. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे विषारी. त्या खोलीत कोणी खात नाही. बाहेर येऊन साबणाने हात धुतल्यावरच आम्ही मायलेकी भाकरी सोडतो.

आता घरचे सांगते. गेल्या दिवाळीत लेक सोप्यात आजोबांपुढे उभी राहिली. "आजोबा, बंदूक उघडून दाखवा की."

"रिकामी हाय ती. तीस वर्सं वापरतोय मी," मामंजी म्हणाले.

"असू दे, तरी दाखवा."

नातीपुढे कोणाचे चालते? त्यांनी खुंटीवरची बंदूक काढली, नळी दाराबाहेर मोकळ्या परड्याकडे धरली आणि मोडून दाखवली. खरेच रिकामी होती. मामंजी हसले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

पोरगी म्हणाली, "आता रिकामी झाली, आजोबा. मघाशी नव्हती."

मामंजी काही बोलले नाहीत. मी चुलीपाशी होते. एवढे एक वाक्य आमच्या माहेरच्या सोप्यात त्या सकाळी कोणी बोलले असते, तर माझा भाऊ आज नांगरामागे चालला असता. डोळ्यांत पाणी आले, ते धुरावर घातले.

दोनच दिवसांनी मामंजींनी तालुक्याहून कुलपे आणली. आता बंदूक कुलपाच्या कपाटात असते, काडतुसे वेगळ्या पेटीत, आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या करदोट्याला. रानातून परतताना ते बांधावरच काडतूस काढतात आणि उंबऱ्याबाहेर थांबून पुन्हा एकदा उघडून बघतात. खुंटीला आता कंदील टांगलेला असतो.

लेकीने अजून पदक आणलेले नाही. गेल्या खेपेच्या निवडीत ती मागे राहिली आणि येताना एस.टी.त रडली. पदक मिळेल न मिळेल, ते तिच्या मेहनतीवर आणि दैवावर. माझ्या मते तिने घरात आणायचे ते आणले.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी राखणीची बंदूक असेल, तर एवढेच करा. ज्याच्या नावावर परवाना आहे, त्याला आज संध्याकाळी सांगा, नळी मोकळ्या रानाकडे धरून एकदा उघडून दाखवा. तो हसेल, रागावेल, "रिकामी हाय" म्हणेल. म्हणू द्या. तरी उघडायला लावा. आणि घरातल्या पोरांसमोर लावा, म्हणजे पुढे ती तुम्हालाही उघडायला लावतील.