खोंडाच्या कलानं

आज आण्णांनी नव्या खोंडाला मुरलेल्या बैलाशेजारी जुवाखाली धरलं. जात खिल्लार, म्हणजे मुळातच बुजरी. शिवळ खडखडली तरी कान टवकारतो. आण्णा आधी त्याला दिसतील असे समोर येतात, बोलत बोलत खांद्यावर हात टाकतात, मग मानेखालची पोळी खाजवत राहतात. खोंड मान लांबवतो, तेवढ्यात जू चढलेलं असतं.

यात शास्त्र आहेच. गुरांचे डोळे दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास चहूकडचं दिसतं. थेट पाठीमागचं तेवढं दिसत नाही. तिथून अचानक कुणी आलं की लाथ ठरलेली. गायी एकमेकींना चाटतात त्या मानेच्या जागी हात फिरवला की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हेही अभ्यासकांनी मोजलंय. कासऱ्याचंही तसंच: ताण द्यायचा आणि जनावर वळताक्षणी सोडायचा. सोडणं हेच बक्षीस. पण त्या क्षणी म्हणजे कधी? मी सोडतो तोवर खोंड पुन्हा वाकडा झालेला असतो. आण्णांचा हात त्याचं पाऊल पडायच्या आधीच सैल होतो. हे कुठल्या पुस्तकात शिकायचं?

18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून कोरेगाव-पुसेगावकडं खोंडांना पुन्हा भाव आलाय. घाईनं तयार केलेला बैल मला मात्र ओळखू येतो. माणूस जवळ आला की तो डोळे पांढरे करतो.

आमच्या खोंडाला शर्यत नाही. घेवड्याचं रान अजून नांगरायचंय, आणि आण्णा ट्रॅक्टरला फोन करू देत नाहीत.