असरची सावली

कोकणातल्या आपल्या मुलांच्या कानावर जन्मापासून तीन भाषा पडतात. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि एस.टी.त मराठी. आता त्यात इंग्रजीची भर पडली आहे. एवढ्या भाषा पदरी असूनही दारातल्या झाडाचं नाव विचारलं तर मूल गप्प राहतं.

मी 1986 ते 2018 अशी 32 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्दू प्राथमिक शाळांत शिकवलं. त्यातली शेवटची 17 वर्षं खाडीकाठच्या एका गावात गेली. तिथे तिसरीच्या वर्गात एकदा झाडांचा धडा चालू होता. धड्यात बरगद होता. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, बरगद कहाँ होता है? सऊदी में?" त्याचे वडील तेव्हा सऊदीत होते. जे गावात नाही ते सगळं सऊदीत असणार, हा त्याचा हिशेब. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून मोठा वड होता. मधल्या सुट्टीत हाच मुलगा त्याच्या पारंब्यांना लोंबकळायचा. बरगद म्हणजे वड, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पेपरात बरगद बरोबर लिहीत होता आणि त्याला पूर्ण गुण मिळत होते.

त्या वर्षापासून आम्ही शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास बाहेर घ्यायला लागलो. शाळेत शिक्षक दोन, चार इयत्ता मिळून मुलं 41. लांब जायचं नाही, असं ठरलं होतं. मशिदीची अजान भोंग्याशिवाय जिथवर ऐकू येईल, तेवढंच आपलं रान. सहल वर्षातून एकदा होते. मुलं बसमध्ये गातात, किल्ला बघतात, डबे खातात आणि परत येतात. आनंद होतो, पण ओळख होत नाही. ओळख व्हायची तर तीच जागा पुन्हा पुन्हा बघायला हवी. पावसात, थंडीत, चैत्राच्या उन्हात.

पहिला धडा शाळेच्या अंगणातच झाला. एक मीटर लांबीची सरळ काठी जमिनीत रोवली. दर तासाला एका मुलाने जायचं आणि सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. दुपारी सावली सगळ्यांत लहान होते, ती मोजून वहीत लिहायची. तिथून ती पुन्हा लांब व्हायला लागते. या लहानात लहान सावलीत काठीची लांबी मिळवली, तेवढी सावली झाली की असरचा वक्त सुरू. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणून आपल्याकडे हा हिशेब एका काठीचा. हनफी मसलकात दोन काठ्यांचा. घाटावरच्या आजोळी जाणाऱ्या एका मुलीला हे कळलं तेव्हा ती उडालीच. मामाच्या गावी असरची अजान उशिरा का होते, हे कोडं तिच्या मनात कधीपासून होतं. तिला वाटायचं, तिथल्या बांगीसाहेबांना झोप लागत असेल.

मशिदीच्या भिंतीवरचं छापील वेळापत्रक मुलांनी रोज पाहिलेलं. ते छापखान्यातून येतं, अशीच त्यांची समजूत. ते सूर्याकडून येतं, हे त्यांना अंगणात खडे ठेवताना कळलं. डिसेंबरच्या शेवटी दुपारची लहान सावली 85 सेंटिमीटरच्या आसपास भरली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती 30 वर आली. जूनमध्ये शाळा उघडली आणि ढगांतून एका दुपारी ऊन पडलं, तेव्हा सावली भलत्याच बाजूला, दक्षिणेकडे पडलेली. पोरं म्हणाली, काठी वाकली असेल. काठी सरळ होती. सूर्यच डोक्यावरून ओलांडून उत्तरेला गेला होता. मकरवृत्त, कर्कवृत्त हे शब्द पुढे सहावी-सातवीत येतात. पण ज्याने सावली उलटलेली पाहिली आहे, त्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

काठीनंतर खाडी. चांदरात आपल्या मुलांना कुणी शिकवावी लागत नाही. पण चंद्र आणि खाडीचं पाणी यांचं नातं बंदरावरच्या म्हाताऱ्यांपाशीच राहिलं होतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा अदमास येतो, हा त्यांचा जुना हिशेब. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, तेवढा सोडायचा. आम्ही तो हिशेब चांदाच्या तारखेला लावला. चांदाच्या तारखेत एक-दोन मिळवले की तिथी येते. मुलांनी धक्क्याच्या पायरीवर खडूने खुणा केल्या. चांदाच्या 14-15 तारखेला उधाण, पाणी वरच्या पायरीला. 7-8 तारखेला भांग, पाणी ना धड चढतं ना धड उतरतं. पाढे नकोसे होणारी मुलं पाऊणकी तोंडपाठ करायला लागली, कारण तिच्या शेवटी पाणी येत होतं की नाही ते डोळ्यांनी बघता येत होतं.

खाडीकाठी तिवर आहे. त्याची जमिनीतून वर आलेली मुळं पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात. चिखलात हवा नाही, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. मुलांना तिवराच्या पानाला जीभ लावायला सांगितली. पान खारट लागतं. मुळांवाटे आलेलं जादा मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. चिखलात निवट्या उड्या मारतात, एक नांगी मोठी आणि एक लहान असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे असतात. भरती जास्त झाली की पाणी आधी या झाडांत शिरतं आणि त्याचा जोर तिथे मोडतो. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली आणि 2020 साली पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. पण बातमी वाचून झाड वाचत नाही. ज्या पोराने त्याचं पान चाटलं आहे, तो त्यावर कोयता चालवताना निदान थांबेल.

आता विरोधाविषयी लिहायला हवं. तो झाला, आणि तो करणारी माणसं वाईट नव्हती. कुवेतहून एका वडिलांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, मी इथे उन्हात उभा राहून पैसे पाठवतो, ते पोरगा सावलीत बसून शिकावा म्हणून. तुम्ही त्याला चिखलात घेऊन जाता?" या वाक्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. ज्यांच्या बापजाद्यांनी होडी वल्हवली आणि नाचणी पिकवली, त्यांना पुस्तक म्हणजे चिखलातून सुटका वाटली तर त्यात नवल नाही. दुसरी भीती विंचवाची आणि फुरशाची. तीही खरी. आमच्या जांभ्या दगडाच्या मुलखात दोन्ही आहेत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करण्यापूर्वी लाल विंचवाने किती घरं रडवली, हे कोकणात सांगायला नको. म्हणून बूट घातल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, दगड हाताने उलटायचा नाही, बिळात काठी घालायची नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळले. पण विंचू घराच्या पडवीतही येतो. त्याला ओळखणारं मूल न ओळखणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतं.

तिसरी हरकत मुलींबद्दल होती. चौथीतली मुलगी नऊ-दहा वर्षांची. ती खाडीवर कशाला? गावातल्या काही वडीलधाऱ्यांनी मला घरी येऊन समजावलं, अदबीनेच. मी त्यांना एवढंच विचारलं की कालवं काढायला, मुळे वेचायला तुमच्या आया कुठे जायच्या? ते हसले, पण हरकत मागे घेतली नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की मुलींबरोबर घरची एक बाई यावी. पहिल्या शनिवारी तीन आया आणि एक दादी आल्या.

त्या दादीने आमचा तास ताब्यात घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. पहिल्या पावसानंतर बांधावर टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी उगवते. कुठली खायची, कुठली पहिल्या पावसातच खायची, कुठली उकळून पाणी फेकल्याशिवाय खायची नाही, हे ती पान हातात घेऊन, वास देऊन सांगत होती. दोन तासांत तिने 20-22 झाडं सांगितली, सगळी आपल्या बोलीत. मी ती उर्दूत आणि मराठीत फळ्यावर लिहिली. ज्या बोलीची मुलांना शाळेत लाज वाटायची, त्या बोलीत शाळा भरली. तिची नात त्या दिवशी ताठ मानेने चालत होती.

तरी एका घराने मुलीला पाठवलं नाहीच. ती शनिवारी अंगणात काठीपाशी थांबायची. तिने घरच्या परसात दुसरी काठी रोवली आणि वर्षभराची सावली लिहून आणली, रविवारच्या आणि ईदच्या दिवसासकट. तेवढी नेटकी वही माझ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. पाचवीला ती गावाबाहेरच्या शाळेत गेली नाही. ही वही पाहताना मला कळलं की आपल्या पुष्कळ मुलींच्या वाट्याला मोकळं आभाळ येतं ते जेमतेम दहाव्या वर्षापर्यंत. पुढे अंगण, मग पडवी, मग खिडकी. मुलग्यांना खाडी पुढेही भेटेल. मुलींना ती भेटायची तर पहिली ते चौथीच्या चार वर्षांतच. म्हणून निसर्गाचा तास हा फावल्या वेळचा विषय नाही, असं मी प्रत्येक बैठकीत मांडत आले.

हे काही नवं नाही. रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. आणि डॉ. सलीम अली तर आपल्याच मुंबईचे. आईबापाविना मामांच्या घरी वाढलेलं हे मूल. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही खाणं जायज आहे का, अशी शंका घेऊन ते मामांकडे गेले. मामांनाही पक्षी ओळखता येईना, तेव्हा त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. पुढे याच माणसाने 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. एका मुलाची धार्मिक शंका कुणी झिडकारली नाही, म्हणून देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. आपल्या घरात मूल प्रश्न घेऊन येतं तेव्हा आपण काय करतो?

सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली पर्यावरण शिक्षण शाळांतून सक्तीने राबवायला सांगितलं. आदेश चांगला, पण पुष्कळ ठिकाणी त्याची प्रकल्पवही झाली. दुकानातून चित्रं आणायची, चिकटवायची, पालकांनी मजकूर लिहायचा. वाघाचं चित्र चिकटवणाऱ्या मुलाने दारातला भारद्वाज पाहिलेला नसतो.

आपल्याला तर ही सबब चालण्यासारखी नाही. कुरआनच्या सूऱ्यांची नावंच पाहा. मधमाशी, मुंगी, कोळी, गाय, हत्ती, अंजीर, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारा. मदरशात मूल ही नावं घोकतं. नहल म्हणजे मधमाशी, हे सांगून त्याला एकदा फुललेल्या जांभळाखाली उभं करायला किती वेळ लागतो? एखाद्याने रोप लावलं आणि त्याचं फळ पाखराने खाल्लं तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतं, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. ती ऐकणाऱ्या मुलाच्या हातात रोप दिलं पाहिजे.

गावाकडे आता मोठी घरं आणि उंच कंपाउंड झाली आहेत. जांभ्याच्या खाणींनी सडे पोखरले. ज्या सड्यावर भादव्यात सीतेची आसवं निळी पसरायची, तिथे काही ठिकाणी आता खड्ड्यातलं पाणी आहे. मुलांच्या हातात मोबाईल आहे, त्यात आफ्रिकेतले सिंह दिसतात. हे सगळं उलटवणं एका शिक्षकाच्या हातचं नाही. पण मे महिन्यात मुंबईहून, मुंब्र्याहून, कुवेत-दुबईहून मुलं गावी येतात, तेव्हा एवढं करता येईल. सकाळी नानीबरोबर त्यांना खाडीपर्यंत जाऊ द्यावं. झाडाचं नाव घरच्या बोलीत विचारावं आणि उर्दूत, मराठीत लिहून घ्यावं. अंगणात एक काठी रोवावी. रत्नागिरीच्या बाजूला मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी त्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. मूल धावत येऊन विचारेल की सावली गेली कुठे. उत्तर लगेच देऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ, म्हणावं.