उजेड कुठून येतो

आमच्या भागातल्या दुसरबीडमध्ये जी थोडी धाब्याची घरं अजून उभी आहेत, त्यांत भरदुपारी बाहेरून शिरलं की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही. जाड मातीच्या भिंती, वर मातीचाच धाबा, एक दार आणि असला तर एखादा झरोका. उन्हाळ्यात आत गार राहावं म्हणून ते तसं बांधलेलं. कॅमेरावाल्याची मात्र तिथे परीक्षा होते. दाराच्या उजेडावर एक्स्पोजर धरलं तर आत बसलेल्या आजीचा चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर धरलं तर दार पांढरंफटक होऊन जळून जातं. लग्नाची शूटिंग करणारे आम्ही बहुतेक जण मग कॅमेऱ्यावरचा एलईडी लावतो. चेहरा दिसतो, पण घर जातं. देवळीतली सावली, धुराने काळवंडलेल्या तुळया, शेणाने सारवलेल्या जमिनीचा खडबडीतपणा, सगळं सपाट होतं. माणूस स्वतःच्या घरात बसलाय की मंगल कार्यालयात, ते कळेनासं होतं.

या अडचणीवर मला ज्याच्याकडून सर्वांत जास्त मिळालं तो माणूस स्पेनचा. नेस्तोर आल्मेन्द्रोस. 1930 साली बार्सिलोनात जन्मला. वडील फ्रँकोच्या राजवटीमुळे क्युबात परागंदा झालेले. 1948 मध्ये तोही त्यांच्याकडे गेला. पुढे क्युबाही सुटलं आणि तो पॅरिसला पोचला. तिथे दिग्दर्शक एरिक रोमेरच्या एका लघुपटाचा कॅमेरामन ऐन वेळी निघून गेला, आणि बघत उभा असलेला आल्मेन्द्रोस म्हणाला की मी कॅमेरामन आहे. रोमेर आणि त्र्युफो या दिग्दर्शकांसोबतचं त्याचं पुढचं सगळं काम त्या दिवसापासून सुरू झालं.

पण मला त्याचं क्युबातलं काम जास्त जवळचं वाटतं. तिथल्या शेतकऱ्यांच्या झोपड्यांत वीज नव्हती. त्याने बाहेर आरसा ठेवला, ऊन आत घेतलं, आणि ते माणसावर न टाकता छतावर किंवा पांढऱ्या भिंतीवर टाकलं. तिथून परतलेला उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर आला. भारतात कॅमेरामन सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराच्या सेटवर, चौकावर पांढरं कापड ताणून याच विचाराने काम केलं होतं. उजेड ज्या दिशेने घरात येतो त्याच दिशेने येऊ द्यायचा, फक्त थोडा वाढवायचा.

आमच्याकडे हे करायला कपाटाचा जुना आरसा पुरतो. खर्च नाही, पण कष्ट आहेत. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे चार मीटर लांबच्या भिंतीवरचा कवडसा तेवढ्यात सात सेंटिमीटर हलतो. त्यामुळे आरशापाशी एक माणूस सतत बसलेला लागतो. भिंतीचा रंग चेहऱ्यावर उतरतो. नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंतीवरून आलेला उजेड माणसाला आजारी दाखवतो. मातीची भिंत निम्म्याहून जास्त उजेड पिऊन टाकते. मग मी भिंतीवर धुतलेलं पांढरं धोतर लावतो. थर्माकोलचा तुकडाही चालतो, पण धोतराने उजेड जास्त पसरतो असा माझा अनुभव आहे.

आपल्या सिनेमाची सुरुवात तरी उन्हातच झाली. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ फाळक्यांनी त्र्यंबक तेलंगांच्या हाती कॅमेरा देऊन दादरला दिवसाच्या उजेडात चित्रित केला. दहा वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’मधल्या रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्यांच्याच तालमीत तयार झालेले केशवराव धायबर प्रभात फिल्म कंपनीत कॅमेऱ्यामागे उभे राहिले. पुण्यात प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये चित्रपट शिकवणारी संस्था सुरू झाली, आणि तिथे शिकलेल्या अविनाश अरुणने ‘किल्ला’ स्वतः दिग्दर्शित करून स्वतःच चित्रित केला. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला बालचित्रपट विभागात क्रिस्टल बेअर मिळालं. ‘किल्ला’ पाहून आमच्या भागातली पोरं कोकणातल्या पावसाळी, राखाडी उजेडासारखं काही करू पाहतात आणि संगणकावर रंग फिके करतात. मला ते पटत नाही. सिंदखेडराजाच्या दगडी भिंतींवर मे महिन्यात पडणारं ऊन कडक आहे, सावल्या काळ्याशार आहेत, आणि आमच्या माणसांचे चेहरे त्याच उन्हाने घडले आहेत. अविनाशकडून उचलायचीच असेल तर ती त्याची चिकाटी उचलावी, कोकणातलं ढगाळ आभाळ नव्हे.

हेच आल्मेन्द्रोसच्या सर्वांत गाजलेल्या कामालाही लागू आहे. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकच्या ‘डेज ऑफ हेवन’साठी 1976 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाच्या गव्हाच्या शेतांत त्याने बराचसा भाग सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत चित्रित केला. दिवसभर तालीम आणि तयारी, मग धावपळ. त्र्युफोला दिलेला शब्द पाळायला त्याला मधेच निघावं लागलं, तेव्हा उरलेलं काम कॅमेरामन हॅस्केल वेक्सलरने पुरं केलं. 1979 मध्ये आल्मेन्द्रोसला ऑस्कर मिळालं. आपण मात्र विषुववृत्तापासून वीस अंशांवर आहोत. इथे सूर्य तिरका न उतरता जवळजवळ सरळ खाली जातो, म्हणून आमचा संधिप्रकाश अल्बर्टाहून लवकर विझतो. त्यातही पहिली दहा मिनिटंच खरी कामाची.

सध्या मी सोयाबीनच्या सोंगणीवर एक लघुपट करतोय. ऑक्टोबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. थ्रेशरचं भुसकट उडत असतं, त्यामागून येणारा उजेड बघून कुणाही कॅमेरावाल्याचे हात शिवशिवतील. पण थ्रेशरवर राबणाऱ्या बाया तोवर थकलेल्या असतात, आणि घरी जाऊन त्यांना भाकरी टाकायच्या असतात. मॅलिकचे नट उजेडासाठी थांबले, कारण तोच त्यांचा धंदा होता. या बायांना मी थांबवणार नाही. म्हणून सोंगणी सकाळच्या तिरप्या उन्हात चित्रित करायची आणि संध्याकाळचा उजेड त्या घरी परतताना वाटेवरच धरायचा, असं ठरवलंय. कॅमेरा आधीच बांधावर लावून ठेवतो. त्या त्यांच्या चालीने येतात, मला ओळखतात, एखादी काही विचारते, मी उत्तर देतो, आणि ते बोलणंही फिल्ममध्ये राहू देतो.