खुर्ची उलटी करून पाहा

उत्तरेची दैनंदिनी : भाग तिसरा – कोपनहेगन

मागच्या भागात स्टॉकहोमजवळ गुस्ताव्सबेर्यला स्टिग लिंडबेर्य यांची चिनी मातीची भांडी पाहिली. आता डेन्मार्क, म्हणजे लाकडाची पाळी. विसाव्या शतकाच्या मध्याचं स्कँडिनेव्हियन फर्निचर जमवायचा नाद ज्याला लागला, त्याला कोपनहेगन चुकत नाही. इथे काय पाहायचं, यापेक्षा कसं पाहायचं हे शिकावं, या हेतूने आले आहे.

मंगळवार

सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून आज दार उघडण्याच्या वेळेलाच ब्रेडगाडे रस्त्यावर हजर झाले. डिझाइनम्युझियम डेन्मार्क ज्या वास्तूत आहे, ते मुळात अठराव्या शतकातलं फ्रेडरिक्स हॉस्पिटल. 1920च्या दशकात त्याचं संग्रहालय झालं. त्या कामात कोर क्लिंट यांचा हात होता, आणि डॅनिश फर्निचरची गोष्ट त्यांच्यापासूनच सांगावी लागते. 1924 मध्ये त्यांनी इथल्या रॉयल अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू केलं. त्यांची पद्धत साधी होती : आधी मोजा, मग काढा. भांड्यांचं कपाट आखायचं तर घरात ताटल्या किती, पेले किती, त्यांचा घेर केवढा, याची मापं आधी घ्यायची. कपाटाची लांबी-रुंदी त्यातून ठरायची.

खुर्च्यांचं दालन बोगद्यासारखं आहे. दोन्ही बाजूंना उजळलेले कोनाडे आणि प्रत्येकात एकेक खुर्ची. खुर्च्यांइतक्याच मी पाट्याही वाचत गेले, कारण बहुतेक पाट्यांवर दोन नावं आहेत. हान्स वेग्नर आणि योहानेस हान्सन. फिन यूल आणि निल्स वोडर. ओले वान्शर आणि ए. जे. इव्हर्सन. पहिला आराखडा काढणारा, दुसरा सुतार. जगभरच्या मासिकांत पहिलं नाव झळकतं. इथे मात्र दुसरं नावही त्याच मानाने येतं.

हे आपोआप घडलेलं नाही. कारखान्यांच्या स्वस्त मालापुढे आपला धंदा टिकणार नाही हे कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाने वेळीच ओळखलं आणि 1927 मध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवलं. ते दरवर्षी भरत राहिलं, थेट 1966 पर्यंत. 1933 पासून त्याला स्पर्धेची जोड मिळाली आणि तरुण वास्तुरचनाकार सुतारांच्या कार्यशाळांत येऊ लागले. कागदावरची रेघ लाकडात उतरेल की नाही हे तिथे ठरायचं. आज लिलावात ज्यांवर उड्या पडतात त्यांतल्या कितीतरी खुर्च्या या प्रदर्शनांसाठी जन्माला आल्या.

बुधवार

आज एका लिलावघराचं पूर्वप्रदर्शन. संग्रह करणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा नाही, कारण इथे वस्तूला हात लावता येतो, ती उलटी करता येते, खण बाहेर ओढून मागची बाजू पाहता येते.

वेग्नर यांची ‘गोल खुर्ची’ इथे होती. 1949च्या सुतारसंघाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा आली. 1960 मध्ये शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांची दूरचित्रवाणीवरची पहिली चर्चा झाली तेव्हा दोघांसाठी याच खुर्च्या मांडल्या होत्या. तिची कीर्ती तिथून घरोघर पोचली. पण तिची खरी गोष्ट पाठीच्या पट्टीत आहे. हात आणि पाठ मिळून ही एकच वळणदार पट्टी दिसते; प्रत्यक्षात ती तीन लाकडांची आहे. पहिल्या खुर्च्यांत सांधे झाकायला पाठीवर वेत गुंडाळला होता. लवकरच वेग्नर यांनी तो वेत काढून टाकला आणि सांधा उघडा ठेवला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी लाकडं एकमेकांत शिरतात आणि सांध्याची नागमोडी रेघच खुर्चीचं भूषण होते.

त्या रेघेवरून मी अंगठा फिरवला. डोळे मिटले असते तर सांधा कुठे आहे ते कळलं नसतं. हाताच्या टोकाला, जिथे वर्षानुवर्षं तळवे टेकले असतील तिथे, लाकूड बाकीच्यापेक्षा गडद आणि मऊ झालं होतं. मग तिथल्या कर्मचाऱ्याच्या परवानगीने खुर्ची उलटी केली. बैठकीच्या चौकटीखाली डाग दिल्यासारखी जळकी मोहोर : योहानेस हान्सन, कोपनहेगन, डेन्मार्क. ही मोहोर असली की किंमत एक, नसली की दुसरी. हान्सन यांची कार्यशाळा पुढे बंद झाली. आज हीच खुर्ची पीपी मोबलर ही 1953 पासूनची कार्यशाळा बनवते, आणि तितक्याच निष्ठेने बनवते. म्हणून ‘वेग्नरची खुर्ची’ एवढं पुरेसं नाही. कोणी बनवली आणि कधी बनवली, हे दोन प्रश्न पुढे विचारायचेच.

नव्याने लिलावात उतरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हातोडा पडतो ती अंतिम रक्कम नसते. तिच्यावर लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं शुल्क चढतं, मग वाहतूक, मग आपल्याकडची जकात. हा सगळा हिशेब बोली लावण्याआधी कागदावर मांडावा.

गुरुवार

नोरेब्रो भागातली राउन्सबोर्गाडे ही जुन्या वस्तूंच्या दुकानांची गल्ली. आत शिरल्यावर ओळखीचा वास आला, सागाचा. डॅनिश फर्निचर आणि साग यांचं नातं जुनं आहे. 1897 मध्ये कोपनहेगनमध्ये स्थापन झालेली ईस्ट एशियाटिक कंपनी सयाममधून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, सागाचा व्यापार करायची. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कच्या सुतारांनी साग असा काही आपलासा केला की परदेशी गिऱ्हाईक ‘डॅनिश’ म्हटलं की सागच समजू लागलं. सागात सिलिका असते, हत्याराची धार ती लवकर खाते. हे आपल्या सुतारांना सांगायला नको.

दुकानदार वयस्क होते. मी लेखनाचं एक टेबल न्याहाळत होते, तर म्हणाले, “वरून काय बघता? खण काढा.” खण काढला. कोपऱ्यातले सांधे हाताने कापलेले, तळाची फळी मागच्या बाजूलाही रंधलेली. मग त्यांनी शेजारचं कपाट दाखवलं. त्याच्या कडेचं व्हिनिअर कोणीतरी पॉलिश कागदाने इतकं घासलं होतं की खालचं फिकट लाकूड डोकावत होतं. “हे पुन्हा येत नाही,” ते म्हणाले. जुनं पॉलिश, बारीक चरे, पेल्याचा एखादा डाग चालतो. घासून पातळ केलेलं व्हिनिअर, आखूड केलेले पाय, जुन्या जागी बसवलेले नवे स्क्रू चालत नाहीत.

शिसवी वस्तूंच्या बाबतीत आणखी सावध राहायला हवं. त्या काळच्या उंची डॅनिश फर्निचरला ब्राझीलचं शिसव वापरलं जाई. हे झाड 1992 पासून दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंधनं. युरोपीय संघात अशी वस्तू विकायलाही दाखला लागतो. 1947 पूर्वी घडवलेल्या वस्तूंना सवलत आहे, पण 1950-60च्या दशकातली खुर्ची तिच्यात बसत नाही. कागद नसतील तर वस्तू कितीही देखणी असो, तिथेच सोडावी. हे शिसव जिथे वाढतं ते ब्राझीलमधलं जंगल आता फारसं उरलेलं नाही, हेही लक्षात असू द्यावं.

त्या गल्लीत मी एक लहान वाडगा घेतला, साक्सबो कार्यशाळेचा. 1929 मध्ये नाताली क्रेब्स यांनी ती उभी केली. त्या रसायनाच्या अभियंत्या होत्या, त्यामुळे झिलईचं काम त्यांचं. कितीतरी भांड्यांचे आकार एवा स्टेअर-नील्सन यांचे. 1968 मध्ये कार्यशाळा बंद झाली. माझ्या वाडग्याची झिलई तपकिरी, काठाशी गंजासारखी लालसर, आणि पायाच्या जरा वर येऊन अचूक थांबलेली. तिथून खाली उघडी, खरखरीत माती आणि तिच्यात उमटलेला शिक्का. ज्यांना खुर्च्या परवडत नाहीत, ठेवायला जागा नाही, त्यांनी मातीच्या भांड्यांपासून सुरुवात करावी. विमानात हातातल्या पिशवीत येतात आणि नजर तयार करतात.

शुक्रवार

आज महागड्या वस्तूंना सुट्टी. एका संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानात भिंतीला लावून चार खुर्च्या उभ्या होत्या : जे 39. बोर्गे मोगेन्सन यांनी 1947 मध्ये ती काढली. तेव्हा ते एफडीबी या ग्राहकांच्या सहकारी महासंघाच्या फर्निचर विभागाचे प्रमुख होते. लाकडाची सरळ चौकट, पाठीला एक रुंद पट्टी, बैठक कागदी दोरीने विणलेली. अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्यांवरून स्फुरलेली. नव्याने संसार मांडणाऱ्या कामगार कुटुंबाला परवडावी हा तिचा हेतू.

सहकाराचं महत्त्व महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पण ग्राहकांच्या सहकारी संस्थेने देशातला उत्तम रचनाकार नेमून साध्या घरासाठी खुर्ची करून घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं. संग्राहकांचा बाजार या काळाकडे राजेरजवाड्यांच्या जिनसांसारखा पाहतो. त्या काळाच्या मनात मात्र जे 39 होती. जिच्या संग्रहात अशी एकही खुर्ची नाही तिला हा काळ अर्धाच कळला, असं माझं मत आहे.

शनिवार

शहराच्या उत्तरेला ऑर्ड्रपगार्ड संग्रहालयाच्या शेजारी फिन यूल यांचं घर आहे. 1942 मध्ये त्यांनी ते स्वतःसाठी बांधलं आणि 1989 मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. आता ते लोकांसाठी खुलं आहे. दिवाणखान्यात शेकोटीपाशी त्यांची ‘चीफटन’ खुर्ची आहे, 1949ची, निल्स वोडर यांनी घडवलेली. सुतारसंघाच्या प्रदर्शनात डेन्मार्कचे राजे फ्रेडरिक नववे तिच्यात बसले होते. पाठ आणि बैठक लाकडी चौकटीपासून सुटी ठेवलेली, जणू चौकट फक्त आधार देते आणि बसणारा अधांतरी राहतो. ही कल्पना रेखाटायला सोपी, घडवायला महाकठीण. वोडर यांच्यासारखा कारागीर नसता तर ती कागदावरच राहिली असती.

घरात चित्रं आणि शिल्पं फर्निचरच्या बरोबरीने नांदतात. कोचाच्या वर विल्हेल्म लुंडस्ट्रम यांनी काढलेलं यूल यांच्या सहचारिणीचं चित्र, आसपास एरिक थोम्मेसन यांची लाकडी शिल्पं. खुर्चीच्या हाताचं वळण आणि शिल्पाचं वळण एकाच कुळातलं आहे हे इथे उभं राहिल्यावर कळतं. चित्रं वेगळी आणि फर्निचर वेगळं, अशी खाती पाडून जमवणाऱ्यांनी हे घर एकदा पाहावं.

रविवार

सामान बांधून झालं. या आठवड्यात मी वाडगा तेवढा विकत घेतला, पण ज्या खुर्च्या पाहिल्या त्यांच्या खालची नावं वहीत उतरवली आहेत. माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. डॅनिश फर्निचर मोठं झालं ते आराखडा काढणारा आणि रंधा मारणारा एका बाकावर बसले म्हणून. त्याची किंमत आजही टिकून आहे ती दुसऱ्याचंही नाव लाकडावर कोरून ठेवलं म्हणून.

आपल्या घरांतही आजोबांच्या वेळची सागवानी कपाटं आहेत, शिसवी टेबलं आहेत, वेताच्या आरामखुर्च्या आहेत. ती कोणत्या सुताराने केली हे सांगू शकणारी माणसं अजून घरात असतील, तर त्यांना आजच विचारा. नाव, गाव, अंदाजे साल एका कागदावर लिहा आणि तो कागद त्या वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटवा.

पुढच्या भागात हेलसिंकी आणि फिनलंडची काच.

(क्रमशः)