पोहता येत नाही? तरी वल्हं हातात घ्या!

सोमवार ते शुक्रवार घोडबंदर रोड. शनिवारी मॉल. रविवारी पुन्हा घोडबंदर रोड, कारण मॉलही तिथेच! मानपाड्यात राहणाऱ्यांचं आयुष्य साधारण या एका रस्त्याच्या आजूबाजूला फिरतं. आता मानपाडाही एक नाही. एक ठाण्यातला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. रिक्षावाल्याला नुसतं ‘मानपाडा’ सांगून चालतं, मित्राला पत्ता देताना मात्र ‘कुठला?’ हा प्रश्न ठरलेला. ट्रॅफिकच्या बाबतीत दोघांचं दुःख सारखंच. म्हणूनच दोन्हीकडच्या मंडळींसाठी या वीकेंडला एक वेगळा प्लॅन. गाडीचं स्टीअरिंग सोडा, वल्हं धरा. कयाकिंगला चला!

‘अहो, पण मला पोहता येत नाही.’ हे वाक्य दहातली सात मंडळी म्हणतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण आपल्यापैकी बहुतेकांचं पाण्याशी नातं तलावपाळीला भेळ खाण्यापुरतंच. फार तर मासुंद्यात पेडलबोटीची एक फेरी किंवा उपवनच्या काठावर संध्याकाळ. पाय पाण्यात नाही, पाण्याच्या बाजूला! अशा मंडळींना थेट समुद्रावर नेणं म्हणजे ड्रायव्हिंगच्या पहिल्या दिवशी एक्स्प्रेस-वेवर सोडण्यासारखं आहे. त्यांना हवं बांधलेलं, थांबलेलं, डोंगरांनी वेढलेलं पाणी.

दुबईत नोकरी करणारा एखादा मावसभाऊ प्रत्येक घरात असतोच. त्याचे हट्टा धरणावरचे फोटो आठवा. चहूबाजूंना हजर पर्वतरांगेचे कोरडे, तपकिरी कडे, मधे हिरवट निळं पाणी आणि त्यात रंगीत कयाक. वाळवंटी मुलखातल्या त्या जलाशयावर नवशिके बिनधास्त उतरतात, कारण तिथे नदीसारखी ओढ नाही की समुद्रासारखी लाट नाही. आपल्याकडे याच जातीचं पाणी शोधायचं तर पासपोर्ट नको. मावळात चला, पवनेला.

चार किल्ल्यांच्या मधलं पाणी

पवना धरण झालं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. साठा सुमारे साडेआठ टीएमसी. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तिकोना आणि तुंग. इतके दिवस हे किल्ले आपण ट्रेकिंगच्या बुटांतून पाहिले, आता जरा पाण्याच्या पातळीवरून पाहा. तुंगचा सुळका पाण्यातून उगवल्यासारखा दिसतो आणि आपण किती लहान आहोत ते न बोलता कळतं.

नवशिक्यांसाठी इथली खरी गंमत आहे ती खाचाखोचांमध्ये. डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरल्यामुळे जलाशयाच्या कडेने आडोशाच्या लहान लहान खाड्या तयार झाल्यात. मधल्या मोकळ्या पाण्यावर वारा असला तरी आत पाणी बऱ्यापैकी शांत. पहिला तास इथेच काढायचा, मधे जायची घाई नको. वेळ सकाळचीच. ऊन तापलं की वारा उठतो, आणि जाताना पाठीवर असलेला वारा परत येताना तोंडावर येतो. म्हणून जुना नियम लक्षात ठेवा: सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायची. दमलात की वाराच तुम्हाला घरी आणतो.

वल्हं मारायचं कसं?

सोपं आहे! शिकायला ‘सिट-ऑन-टॉप’ कयाक मागा. म्हणजे आत पाय अडकवून बसायचं नाही, वर मोकळं बसायचं. ती रुंद असते, सहजासहजी कलंडत नाही आणि कलंडलीच तर तुम्ही आत अडकत नाही. पहिल्यांदा दोघांची घेतली तरी हरकत नाही. मात्र नवरा-बायकोने एकाच कयाकमध्ये बसायचं का, हे आपापल्या जबाबदारीवर ठरवा. मागच्याने पुढच्याची लय पकडायची असते, आणि ‘तू चुकतोयस’ हा संवाद पाण्यावर फार लांब ऐकू जातो!

वल्ह्याला दोन्हीकडे पाती. वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात आली की पकड बरोबर. मूठ सैल ठेवा, आवळलीत तर अर्ध्या तासात मनगट बोंबलेल. पातं पावलाजवळ पाण्यात बुडवायचं आणि कमरेपर्यंत आलं की बाहेर. जोर दंडाचा नाही, पाठीचा आणि कमरेचा. दिवसभर खुर्चीत बसून आखडलेल्या पाठीला हा व्यायाम मानवतो. वळायचं असेल तर एका बाजूने लांब अर्धगोल फिरवा. उजवीकडून वल्हवलंत की नाक डावीकडे जातं. सुरुवातीला कयाक नागमोडी जाईल. जाऊ द्या, वीस मिनिटांत सरळ होते.

जॅकेट म्हणजे फॅशन नाही

आता थोडं गंभीर. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं, खाली मात्र जुनी नदी, जुनी शेतं, झाडांचे बुंधे आणि गाळ असतो. काठापासून दोन पावलांवर तळ एकदम खचतो. पवनेत बुडून माणसं गेलेली आहेत, त्यांत जाणते तरुण होते, पोहणारेही होते. बहुतेक वेळा गोष्ट तीच: ‘जरा पाय भिजवू’, ‘जरा पोहून येऊ’ आणि अंगात जॅकेट नाही. म्हणून लाइफ जॅकेट काठावर घालायचं आणि काठावरच काढायचं, मधे फोटोसाठी नाही. घातल्यावर मित्राला खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, बदलून घ्या. बकल तुटलेलं असेल तर पैसे परत मागा आणि चहा प्या, पण पाण्यात जाऊ नका.

उलटलात तर? कयाक सोडायची नाही. ती तरंगते आणि लांबून दिसते. धरून राहा, सरळ करा, पोटावर आडवे चढा आणि मग वळून बसा. हे काठाजवळच्या उथळ पाण्यात, प्रशिक्षकासमोर एकदा मुद्दाम करून पाहा. पाण्याची अर्धी भीती तिथेच उतरते. पोहता येणाऱ्यानेही करावं, कारण पोहणं आणि कयाकमध्ये परत चढणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

आणि हो, बोट देणाऱ्याला जलसंपदा विभागाची परवानगी आहे का, सोबत बचावाची बोट आहे का, हे विचारायला लाजू नका. रेस्टॉरंटमध्ये पाणी फिल्टरचं आहे का विचारतोच की आपण!

हे पाणी कुणाचं?

पवनेच्या काठावर तंबू, बार्बेक्यू आणि गिटार असं वीकेंडचं एक वेगळंच गाव उभं राहिलंय. पण पाण्याखाली आधीपासून गावं आहेत. उन्हाळ्यात साठा उतरला की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाण्यातून वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. बाकीचे महिने देव पाण्यात. या धरणासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षं रेंगाळला. पुढे 9 ऑगस्ट 2011 रोजी, पवनेचं पाणी बंद पाइपमधून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊरजवळ एक्स्प्रेस-वे रोखला. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले, त्यांत एक बाई होती. ज्या रस्त्याने आपण गाणी लावून येतो, तोच हा रस्ता.

हे वाचून सहलीचा मूड घालवायचा नाही. पण तंबूशेजारचं घर ज्याचं, त्याच्या आजोबांचं शेत तुमच्या कयाकखाली असू शकतं, एवढं ध्यानात असलं की वागणं आपोआप बदलतं. रात्री दहानंतर स्पीकर बंद होतो. बाटली पाण्यात जात नाही. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या लाखो नळांना जातं. आणि जेवण शहरातून पॅक करून आणण्याऐवजी गावातल्या ताईंकडची पिठलं-भाकरी सांगितली जाते. चवीच्या दृष्टीनेही हा सौदा फायद्याचाच!

कधी जाल? ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे फक्त सकाळी. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही.

कसं जाल? दोन्ही मानपाड्यांहून शीळफाटा-कळंबोलीमार्गे एक्स्प्रेस-वे, लोणावळ्याला उतरून दुधिवरे खिंडीने पवनानगर. ठाण्याहून अंतर साधारण शंभर किलोमीटर, डोंबिवलीहून थोडं कमी. रेल्वेने लोणावळा, तिथून पुण्याच्या लोकलने कामशेत आणि पुढे एसटी किंवा जीप. स्थानिक लोक पवनानगरला ‘काले कॉलनी’ म्हणतात, विचारताना उपयोगी पडेल.

काय न्याल? लवकर वाळणारे कपडे (जीन्स नको!), मागे पट्टा असलेल्या सँडल, टोपी, पाण्याची बाटली, मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाउच, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि चष्म्याला दोरी.

पुढे काय? हात बसला की कोलाडला जा. तिथली कुंडलिका वाहती आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं आणि नदीला जोर येतो. त्यानंतर तारकर्लीची कर्ली नदी, जिथे वल्हवत वल्हवत समुद्राच्या तोंडाशी पोचता येतं. पण घाई नको. आधी पवनेच्या एखाद्या खाचेत कयाक सरळ चालवून दाखवा. घोडबंदरला लेन सांभाळता येत नसली तरी पाण्यावर नक्की जमेल!