चोर्ल्याच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी

बेळगावकरांना समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. त्यासाठी प्रामुख्याने तीन घाट आहेत. एक आंबोली, तो सावंतवाडीला उतरतो. दुसरा अनमोड, तो मोल्याला. या दोघांच्या मधला तिसरा चोर्ला. पणजीला जवळचा म्हणून बहुतेक जण चोर्ल्याचा रस्ता धरतात. बेळगावची भाजी याच वाटेने गोव्याच्या बाजारात जाते आणि गोव्यात दिलेल्या लेकी याच वाटेने माहेरी येतात. आमच्या पिढीसाठी मात्र तो आधी बाइकचा रस्ता. जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर धुक्यातल्या चोर्ल्याचे फोटो येऊ लागतात.

त्या फोटोंत एक गोष्ट दिसत नाही. जांबोटी मागे पडली की जंगल दाट होते, वस्ती विरळ होते आणि मोबाइलचे नेटवर्क येत-जात राहते. तिथे चालती गाडी अचानक बंद पडली तर निदान करणारे तुम्हीच असता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आणि माझा मामेभाऊ दोन गाड्या घेऊन साखळीला मावशीकडे निघालो होतो. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, रानातली फळे-फुले टांगतात. मावशीच्या यजमानांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना आता स्टुलावर चढू देत नाहीत. त्यामुळे माटोळी बांधायला आम्ही दोघे रात्रीपर्यंत पोचायलाच हवे होते. पाठीवरच्या बॅगेत कुंदा होता, आईने दिलेला चिवडा होता. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याची गाडी नवी, फ्युएल इंजेक्शनची. माझी म्हणजे बाबांची जुनी, कार्ब्युरेटरची. घाट तो पहिल्यांदाच स्वतः चालवणार होता.

जांबोटीत चहा घेऊन निघालो. पाऊस बारीक होता. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर एका चढावर माझी गाडी दम लागल्यासारखी करू लागली. अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी ओढेना. दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली.

अशा वेळी पहिले काम इंजिनाचे नसते, जागेचे असते. क्लच दाबायचा, गाडीला वेग आहे तोवर डाव्या कडेला घ्यायची आणि शक्यतो वळणावर थांबायचे नाही. आम्ही थांबलो ती जागा वळणालगतच होती. गुरे घेऊन घरी निघालेले एक काका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन उभे होते.

"काय ओ, पेट्रोल संपलं काय?"

"नाही काका, निघतानाच टाकी फुल्ल केलीय."

"मग आमच्या अंगणात तरी घ्या की. हितं वळणावर बस येत्या जोरात."

अंगण पन्नास पावलांवर होते. तिथवर ढकलत नेली, पाच मिनिटे श्वास घेतला आणि किक मारली. पहिल्याच किकला सुरू!

मामेभाऊ म्हणाला, "दादा, झाली की सुरू. चल, अंधार पडायच्या आत घाट उतरू."

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. सॉफ्टवेअरच्या कामात इतक्या वर्षांत एक गोष्ट अंगात मुरली आहे. जो बिघाड आपोआप बरा होतो, तो आपोआप परत येतो, आणि येताना वेळ-जागा आपल्याला विचारत नाही. पुढे कणकुंबी, चोर्ला आणि मग उतारावरची आंधळी वळणे. मागून ट्रक येत असताना अशा वळणावर गाडी पुन्हा मेली तर? कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही असे ठरवले. नाहीच सापडले तर माझी गाडी काकांच्या अंगणात ठेवून त्याच्या मागे बसायचे.

इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीन गोष्टी वेळेवर लागतात. चालती गाडी बंद पडली म्हणजे बहुतेक वेळा यातले काहीतरी तुटले. काय तुटले ते गाडी बंद पडतानाच सांगून जाते, म्हणून पाना हातात घेण्याआधी शेवटचा अर्धा मिनिट आठवायचा.

बटण दाबल्यासारखी एका क्षणात बंद पडली तर संशय विजेवर. किल स्विच चुकून दाबला गेला का, फ्यूज उडाला का, बॅटरीची टर्मिनल सैल आहेत का, पावसाने प्लगच्या टोपीत पाणी शिरले का, हे बघायचे. हँडल वळवतानाच बंद पडत असेल तर हँडलच्या मानेजवळची वायर आतून तुटलेली असू शकते. घाटात हे हमखास उघडकीला येते. इंजिन तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू असे होत असेल तर इग्निशन कॉइलकडे बघावे लागते. फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बंद पडत असेल तर आयडलिंग कमी आहे किंवा कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे. आणि मागचे चाकच जाम होऊन गाडी घसरू लागली तर ते इंजिन धरल्याचे लक्षण. तेव्हा क्षणाचाही विचार न करता क्लच दाबायचा, आणि थांबल्यावर ऑइल बघितल्याशिवाय किक मारायची नाही.

माझी गाडी यातली कशीच बंद पडली नव्हती. ती हळूहळू मेली होती, अगदी रिझर्व्ह लागल्यासारखी. आणि टाकी तर फुल्ल होती. म्हणजे पेट्रोल होते, पण खाली पोचत नव्हते.

पेट्रोलचा कॉक बघितला, तो उघडाच होता. इंजिन आणि सायलेन्सर निवेपर्यंत थांबलो. काकांच्या हातात विडी होती, ती त्यांनी न सांगताच विझवली. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि खाली बाटली धरली. पेट्रोल आधी धारेने आले, मग धार बारीक झाली, मग नुसते थेंब. आता मी टाकीचे झाकण उघडले. 'सुस्स' असा आवाज झाला आणि खाली बाटलीत पुन्हा जोरात धार लागली.

मामेभाऊ वाकून बघत होता. "म्हणजे टाकीत हवा जात नव्हती?"

तेच. टाकीतून जेवढे पेट्रोल खाली जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक सुईएवढे भोक असते. ते बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल वरच अडकते. गाडी थांबवली की हवा हळूहळू झिरपते आणि पाच मिनिटांनी गाडी शहाण्यासारखी सुरू होते. पुढे काही किलोमीटरवर तोच खेळ.

तरी खात्री करून घ्यायची होती, म्हणून झाकण पुन्हा लावले. थोड्या वेळात धार पुन्हा बारीक झाली. उघडले, पुन्हा जोर धरला. बिघाड आपल्या हाताने घडवता आला आणि आपल्याच हाताने थांबवता आला, की निदान पक्के. नुसती गाडी सुरू झाली, याने काहीच सिद्ध झाले नसते.

झाकणाखालच्या भोकात गंज आणि चिखल घट्ट बसला होता. तार नव्हती. काकांनी खराट्याची एक काडी मोडून दिली. तिने भोक कोरले, फुंकून बघितले, बाटलीतले पेट्रोल टाकीत परत ओतले, झाकण लावले. या वेळी धार बारीक झाली नाही. स्क्रू आवळला.

"एवढंच?" मामेभाऊ हसायला लागला. काका म्हणाले, "काडीचं काम होतं की रे."

निघताना काकूंनी चहा घेतल्याशिवाय सोडले नाही. त्या घरात मराठी बोलत होते, शेजाऱ्याला हाक कानडीत मारत होते, आणि बोलण्यात अधूनमधून कोकणी येत होती. या पट्ट्यात ते कुणालाच वेगळे वाटत नाही. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र, तिन्ही राज्यांच्या हद्दी पुढे चोर्ल्याजवळच एकमेकींना भिडतात.

कणकुंबीला दोन मिनिटे थांबलो, गाडीचे काय म्हणणे आहे ते बघायला. तिचे काहीच म्हणणे नव्हते. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. इथे निघालेले पाणी पूर्वेकडे सौंदत्तीवरून कूडलसंगमला कृष्णेत मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते आणि पणजीला अरबी समुद्रात शिरते. शाळेत जलविभाजक हा शब्द पाठ केला होता. तो रस्ता इथेच गाडीखालून गेला.

घाट उतरताना मामेभावाला पुढे ठेवले आणि दोन गोष्टी सांगितल्या. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायचे नाही, आणि क्लच दाबून गाडी सोडायची नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग धरू द्यायचा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. केरीजवळ अंजुणे धरणाचे पाणी दिसले तेव्हा अंधार व्हायला थोडा वेळ होता. साखळीत पोचल्यावर अर्ध्या तासात तो स्टुलावर होता आणि खालून मावशी सुपारीचे घोस देत होती.

रात्री जेवताना त्याने विचारले, "माझी गाडी अशी बंद पडली असती तर?" प्रश्न बरोबर होता, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे नियम आले आणि नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन सर्रास झाले. त्यांना ड्रेन स्क्रूची युक्ती चालत नाही. पण प्रश्न तेच राहतात. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची 'झूं' ऐकू येते का? येत नसेल तर फ्यूज, वायर किंवा पंप. इंजिनाचा दिवा जळतच राहिला का? साइड स्टँड अर्धवट खाली असल्याने तर बंद पडली नाही? गाडी आडवी पडली असेल तर सेन्सर इंजिन बंद करतो, तेव्हा किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करायची. आणि बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्का मारून उपयोग नाही, कारण पंपालाच वीज मिळत नाही.

या चतुर्थीला तुमच्यापैकी बरेच जण याच रस्त्याने जातील. निघण्याआधी घरच्या अंगणात दहा मिनिटे द्या. फ्यूज कुठे आहे, प्लगची टोपी कशी निघते, झाकणाचे भोक मोकळे आहे का, हे दिवसाउजेडी बघून ठेवा. सीटखाली प्लगपाना, जादा फ्यूज, बारीक तार आणि टॉर्च असू द्या. गाडी रस्त्यालगत थांबवावी लागलीच तर मागे पन्नास पावलांवर झाडाची फांदी टाका. दगड ठेवलेत तर निघताना आठवणीने उचला, नाहीतर मागून येणारा त्यावर आपटेल. घरी फोन जांबोटीतूनच करा आणि पोचायची वेळ तासभर पुढची सांगा. कुणी अंगणात गाडी घ्या म्हणाले तर घ्या, आणि बॅगेतला थोडा कुंदा त्या घरासाठीही राखून ठेवा.