रागाच्या आधीची वर्षं

१२ नोव्हेंबर २०२४, शहापूर
दिवाळी सरली की कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. आज डोळखांबच्या बाजूला टेम्पो भरताना पाहिला : भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं. पावसाळ्यात घेतलेला बयाणा आता वीटभट्टीवर फेडायचा, परतायचं ते पावसाच्या तोंडावर. पोराचं नाव शाळेच्या पटावर, पोर भट्टीवर. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. तरी बयाणा घेतलेला बाप शेठपुढे मान वर करू शकत नाही. तो अपमान कितीतरी भोंग्यांत, म्हणजे भट्टीवरच्या झोपड्यांत, संध्याकाळी दारूबरोबर बायकोपोरांवर निघतो.

१३ जानेवारी २०२५, म्हसा
यात्रेत मारामारी झाली. सतरा वर्षांच्या पोराने दुसऱ्याचं डोकं फोडलं. "ठेचा त्याला!" लोक ओरडत होते. त्याच्या गावचे गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाप आईला मारायचा. हा मधे पडला की यालाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं." घर बऱ्यापैकी शेतीवाडीचं. म्हणजे हे दुखणं फक्त गरिबाच्या झोपडीतलं नाही. ज्याचं डोकं फुटलं त्याला न्याय मिळायलाच हवा. पण गावाला ठाऊक होतं, तेव्हा गाव काय करत होतं?

१४ जानेवारी, मुरबाड
रात्री कॅथी विडम यांचा १९८९चा अमेरिकेतला अभ्यास पुन्हा वाचला. लहानपणी छळ किंवा हेळसांड सोसलेली ९०८ मुलं आणि त्यांच्याशी मिळतीजुळती ६६७ मुलं. अल्पवयात अटक झालेली पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७. माराच्या धाकात वाढलेलं पोर पुष्कळदा सतत सावध असतं. साध्या धक्क्यातही त्याला हल्ला दिसू शकतो आणि हात आधी उठू शकतो. पण त्याच आकड्यांत हेही आहे की सोसलेल्या चौघांपैकी जवळजवळ तिघांना त्या वयात अटक झालीच नाही. म्हणून कुठल्याही वाडीच्या, जातीच्या पोरावर 'हा पुढे गुंडच होणार' असा शिक्का मारणं खोटं आहे आणि क्रूरही.

२ मार्च, भट्टीवर
विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर मजुरांच्या पोरांसाठी भोंगाशाळा चालवल्या, त्यांची आज आठवण झाली. तिथे अक्षरओळख तर होतीच. शिवाय दिवसातले काही तास पोराला नावाने हाक मारणारं, न मारणारं मोठं माणूस भेटत होतं. त्याचं मोल केवढं, हे हवाईतल्या कौआई बेटावरच्या अभ्यासात दिसतं. १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. अतिशय खडतर घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्ती, प्रेमळ माणसं झाली. त्यांना आधार देणारं निदान एक माणूस भेटलं होतं : आजी, मावशी, शिक्षक, शेजारी.

३ मार्च, शहापूर
गुरुजी, अंगणवाडीताई, आशाताई, सरपंच, तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. मार खाणारं पोर दिसलं तर 'त्यांच्या घरातली भानगड' म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याशी बोला, १०९८ वर फोन करा. भट्टीवर निघालेल्या पोरांची गावातच राहण्याजेवण्याची सोय लावा. सतराव्या वर्षी पोलीस येतातच. सातव्या वर्षी आपण पोचलं पाहिजे.